आक्कांची बासुंदी आणि कोंबड्यांचा बल्ब

जुना रेडिओ दुरुस्त करण्यात अवघड असं काही नसतं. फक्त घाई करायची नाही, एवढं एकच पथ्य. हे वाक्य मी आमच्या जेवणाच्या टेबलावर, राजुलला नाचणीसत्त्व भरवता भरवता, इतक्या ठासून बोलले की तिनंही तोंडातला घास तसाच ठेवून माझ्याकडं बघितलं. त्या दिवसापासून आमच्या घरात माझ्याशिवाय एकजात सगळ्यांना घाई झाली!

मी भाग्यश्री. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलाय, गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात कंट्रोल पॅनेल तपासायचे, आणि सध्या दहा महिन्यांच्या राजुलची आई आहे. ती झाल्यापासून माझ्या हाताला दुपटी, लंगोट आणि वाटी-चमचा याखेरीज दुसरं काही लागलं नव्हतं. माझी सोल्डरिंगची कांडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात लोकरीच्या टोपड्यांखाली झोपली होती. त्यामुळं सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, त्या दिवशी जेवताना रेडिओचा विषय काढला तेव्हा माझ्या हाताला अक्षरशः खाज सुटली.

रेडिओची गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की राजुलला बोलता येत असतं तर तिनंही सांगितली असती. आक्का म्हणजे अण्णांची थोरली बहीण, राहणार कुरुंदवाड. लग्नानंतर यजमानांनी त्यांना रेडिओ घेऊन दिला होता. लाकडी पेटी, पुढं सोनेरी कापड, आत काचेचे व्हॉल्व्ह. तो बिघडला तेव्हा अण्णा कोल्हापुरात कॉलेजला होते. चार दिवसांत दुरुस्त करून आणतो म्हणाले आणि एसटीत मांडीवर घेऊन आले. त्या चार दिवसांना आता पन्नास वर्षं होत आली. आधी पार्ट मिळेना, मग मेकॅनिकनं दुकान बंद केलं, मग अण्णांना पतसंस्थेत नोकरी लागली, मग लग्न झालं, आणि रेडिओ माळ्यावर गेला तो गेलाच.

आक्का भांडल्या नाहीत. त्यांनी भांडणापेक्षा वाईट केलं. आमच्या जैन घरांत माणूस मनाशी काहीतरी धरून खाण्यातली एखादी वस्तू सोडतो, त्याला त्याग म्हणतात. एका लग्नाच्या पंगतीत वाढपी बासुंदी घेऊन आला, तेव्हा आक्कांनी वाटीवर हात आडवा धरला आणि भर पंगतीत जाहीर केलं, "माझा रेडिओ बोलस्तोवर मला बासुंदीचा त्याग."

आता कुरुंदवाडात राहून बासुंदी सोडायची! तिथं गल्लीगल्लीत कढया, कृष्णाकाठच्या म्हशी, आणि जवळच नरसोबाच्या वाडीला आलेला प्रत्येक पाहुणा बासुंदी खाल्ल्याशिवाय हलत नाही. सगळा समाज आक्कांना मानायला लागला. पुढं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात वाढपी वाटीपाशी यायचा, आक्का हात आडवा धरायच्या आणि शांतपणे म्हणायच्या, "माझ्या भावाला इचारा." आणि त्याच पंगतीत बसलेल्या अण्णांचा घास घशात अडकायचा. एवढा ताठ माणूस, पण बासुंदी दिसली की शाळेत अंगठे धरून उभा केल्यासारखा दिसतो.

तर त्या रात्री अण्णा म्हणाले, की आक्का यंदाच्या चातुर्मासात गोड पदार्थ सगळेच सोडणार आहेत. दिवाळीपर्यंत गोडाचा कण नाही. "ऐंशी झालं तिला," ते ताटाकडं बघत म्हणाले. "दिवाळीनंतरचं कुणी बघितलंय? माझ्यामुळं बासुंदी ऱ्हायली तिची."

यावर मी ते पथ्याचं वाक्य बोलले. चातुर्मासाच्या आत रेडिओ बोलेल, हा माझा शब्द.

माझा नवरा अभिनंदन फाउंड्रीत शिफ्टवर असतो, त्यानं फोनवरून फक्त एवढंच विचारलं, "तू नक्की बोललीस? अण्णांसमोर?" आणि उसासा टाकला. नवऱ्यांच्या उसाशांकडं दुर्लक्ष करायला मी बाळंतपणातच शिकले होते.

काम मी राजुलच्या झोपेत करायचं ठरवलं. ती दुपारी झोपते तेव्हा तिच्या पापण्या आधी तीनदा उघडतात, मला तपासतात आणि मग मिटतात. त्या मिटल्या की मी पाय न वाजवता बाहेरच्या खोलीत जायचे आणि आतून कडी लावून घ्यायचे. कारण या रेडिओंचा भरवसा नसतो. प्लग काढल्यावरही आतल्या कंडेन्सरमध्ये दोन-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. म्हणून लहान मूल खोलीत नको, पायात रबरी चप्पल हवी, हातातलं सगळं धातूचं काढून ठेवायचं, आणि चालू रेडिओची तपासणी करताना एक हात पाठीमागं ठेवायचा, म्हणजे करंट एका हातातून शिरून छातीतून दुसऱ्या हातात जात नाही. एका हातानं काम करायची मला गेल्या दहा महिन्यांत इतकी सवय झाली होती की या नियमाचं मला हसूच आलं.

हसू आमच्या आत्तींना आलं नाही. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, त्रिशलाबाई. त्यांनी खिडकीतून बघितलं, तर सून बांगड्या काढून, एक हात पाठीमागं धरून, चप्पल घालून रेडिओपुढं उभी! बांगड्यांवरून अर्धा तास गेला. हात दुखावला असेल म्हणून हळद-तेल गरम झालं. चपलेबद्दल त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे चार दिवस ती खोली त्या दिवसातून दोनदा पुसायच्या.

हे सगळं सोसून मी रेडिओची मागची पाठ उघडली. आणि ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, व्हॉल्व्हच्या बुडाशी, काय असावं? मातीचं घर! कुंभारीण म्हणतो ना आपण, ती बारीक कमरेची माशी, चिखलाचे गोळे आणून भिंतीला खोल्या बांधते, तिनं आमच्या रेडिओत चांगली चार खोल्यांची चाळ उठवली होती. मी पेचकस उचलला.

"थांब," खिडकीतून आवाज आला. "आत जीव हाईत."

मी सांगितलं की खोल्या रिकाम्या असतील. आत्तींनी बॅटरी मारून दाखवलं की तीन खोल्यांची तोंडं बंद आहेत, म्हणजे आत पिल्लं आहेत, आणि आपल्या घरात असलं पाप व्हायचं नाही. मी म्हणाले, अलगद सोडवून बाहेर ठेवते. त्या म्हणाल्या, तुझ्या राजुलचा पाळणा कुणी अलगद सोडवून कंपाउंडावर ठेवला तर? मी पेचकस खाली ठेवला. अण्णांकडं अपील केलं. अण्णा पन्नास वर्षांच्या अपराधाखाली दबलेले, पण जीवहत्या म्हटल्यावर तेही मान खाली घालून बसले. मग ठरलं की पिल्लं उडून जाईपर्यंत रेडिओला हात लावायचा नाही.

वाचकहो, तुम्ही कधी माशीची बाळंतपणं मोजत बसला आहात? मी बसले. सकाळी राजुलला तेल लावायचे आणि मग रेडिओत डोकावून बघायचे, भोक पडलं का. आत्ती रोज बातमी द्यायच्या, "एक गेलं," किंवा "आज कायच न्हाय." मधे कुरुंदवाडहून आक्कांचा फोन आला. मला वाटलं, विचारतील कधी होणार. तर त्या म्हणाल्या, "सावकाश कर पोरी. घाई कशाला? रेडिओ काय पळून चाललाय व्हय?"

माझे डोळे भरून आले. या घराण्यात विजेच्या कामातलं मर्म कळणारी एकच बाई, आणि ती ऐंशी वर्षांची!

शेवटचं पिल्लू उडालं तेव्हा चातुर्मास अगदी उंबऱ्यावर आला होता. मी राजुलच्या झोपा चोरून चोरून वापरल्या. कुजलेली वायर काढून नवीन टाकली, फ्यूज बसवला, मेणाचे जुने कंडेन्सर काढून नवे लावले. काम झालं. आता फक्त त्याला सावकाश वीज द्यायची होती.

त्यासाठी लागतो बल्ब. इथं जरा लक्ष द्या, कारण आमच्या घरात कुणी दिलं नव्हतं. असा रेडिओ थेट सॉकेटमध्ये खुपसायचा नसतो. त्याच्या वाटेत मालिकेत एक बल्ब बसवायचा, जुना, आत तार असलेला शंभर वॅटचा. रेडिओत कुठं शॉर्ट असेल तर सगळी वीज बल्ब स्वतःवर घेतो आणि लख्ख पेटतो, रेडिओ वाचतो. रेडिओ ठीक असेल तर बल्ब एकदा चमकतो आणि मग मंद होतो. थोडक्यात, बल्ब मंद तर आनंद, बल्ब लख्ख तर बोंब. मी हे अण्णांना समजावलं, आत्तींना समजावलं, आणि राजुललाही समजावलं. तिला सगळ्यांत जास्त कळलंसं वाटलं.

पण असा बल्ब मिळेना! अण्णांनी महाद्वार रोडपासून पार उपनगरापर्यंत दुकानं पालथी घातली. सगळीकडं एलईडी. एका दुकानदारानं तर विचारलं म्हणे, "पावणं, म्युझियम काढताय काय?" शेवटी कुणीतरी सांगितलं की असले पिवळे बल्ब आता फक्त पोल्ट्रीवाल्यांकडं असतात, कोंबडीच्या पिल्लांना ऊब द्यायला. गडमुडशिंगीला बाळासो म्हणून पतसंस्थेचे एक जुने खातेदार होते, त्यांची पोल्ट्री होती.

आता आमचे अण्णा म्हणजे पाणी गाळून पिणारा माणूस. चातुर्मास तोंडावर. तरी बहिणीसाठी ते गेले. नाकाला उपरणं लावून पोल्ट्रीच्या फाटकाबाहेर उभे राहिले, बाळासोंनी आतून बल्ब कागदात गुंडाळून आणून दिला, अण्णांनी तो पिशवीत टाकला. एवढंच. पण तेवढ्यात तिथून आमच्या गल्लीतली वर्षाराणी स्कूटीवरून गेली. तिनं काय बघितलं? अण्णा, पोल्ट्री, कागदाचं पुडकं आणि पिशवी!

अण्णा घरी पोचायच्या आत बातमी पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, दर्शनाला गेल्या तर बायका त्यांच्याकडं अशा नजरेनं बघत होत्या जसं आपण आजारी माणसाच्या बायकोकडं बघतो. एकीनं हळूच विचारलं, डॉक्टरांनी सांगितलंय काय? आत्ती घरी आल्या त्या लाल होऊन. मग अण्णांनी बल्ब हातात धरून गल्लीतल्या चार घरांत जाऊन दाखवला. त्यानं काही फरक पडला नाही. वर्षाराणी म्हणाली, "बल्ब हाय व्हय? बरं बरं," आणि हे "बरं बरं" तिनं अशा सुरात म्हटलं की अण्णांनी त्या दिवशी रागानं एकवेळच जेवण केलं.

चातुर्मासाच्या आदल्या दिवशी अण्णा गाडी करून आक्कांना घेऊन आले. सोबत कुरुंदवाडची घट्ट बासुंदी, स्टीलच्या डब्यात, वर केशर. आमच्याकडं सूर्यास्तानंतर जेवत नाहीत. म्हणजे रेडिओ बोलायचा तर दिवस मावळायच्या आत. नाहीतर दिवाळी. आणि बाहेर आषाढाचं आभाळ असं भरलेलं की सूर्य कुठं आहे हे कॅलेंडरवरूनच कळत होतं.

दुपारी राजुल झोपल्यावर मी बल्ब होल्डरला लावला, हात पाठीमागं घेतला, बटण दाबलं. बल्ब चमकला आणि मंद झाला. अगदी लोण्यासारखा मंद! व्हॉल्व्हच्या आत बारीक तारा लालसर दिसायला लागल्या. मला रडूच यायचं बाकी होतं. एवढ्यात आतून राजुल रडली. मी बटण बंद केलं, प्लग काढला, कंडेन्सर रिकामे केले, खोलीला कडी लावली आणि तिला घ्यायला गेले. म्हटलं, संध्याकाळी सगळ्यांसमोर लावू.

राजुल त्या दिवशी अंगावरून उतरायला तयार नव्हती. तिच्या केसांना घामाचा गोड वास येत होता आणि मुठीत माझी ओढणी. मी तिला घेऊन बसले, आणि बाहेर आत्तींनी आपलं काम उरकलं.

मी परत आले तेव्हा सगळे जमले होते. राजुलला आत्तींच्या कडेवर देऊन त्यांना दारातच थांबवलं. आक्का खुर्चीत, अण्णा बासुंदीची वाटी आणि चमचा हातात घेऊन उभे, ओवाळायला उभे राहावं तसे. मी बटण दाबलं.

बल्ब पेटला. लख्ख! आणि लख्खच राहिला.

"लागला, लागला," अण्णा म्हणाले. त्यांना वाटलं, बल्ब पेटला म्हणजे काम झालं.

मी झडप घालून बटण बंद केलं. बल्ब लख्ख म्हणजे शॉर्ट! दुपारी तर सगळं ठीक होतं. प्लग काढला, कंडेन्सर रिकामे केले, पाठ उघडली, मीटर लावलं. एकेक जोड तपासला. सगळं बरोबर. परत लावलं. परत लख्ख. परत सगळं सोडवलं. घामानं माझा कुडता पाठीला चिकटला. अण्णा कॅलेंडर बघून आले, मग घड्याळ, मग खिडकीतून आभाळ, मग परत कॅलेंडर.

"तसंच सॉकेटात घाल की," ते म्हणाले. "एकदा बोलला म्हंजे झालं. मग जळूदे."

"तसं करता येत नाही, अण्णा. नुसता रेडिओ नाही, घर जळेल."

"पोरगी बरोबर बोलतीय," आक्का म्हणाल्या. "न्हाय झालं तर न्हाय झालं. दिवाळी कुठं लांब हाय?"

किती मोठं मन! मला आणखी शरमल्यासारखं झालं. दिवाळीनंतरचं कुणी बघितलंय, हे अण्णांचं वाक्य माझ्या कानात घुमत होतं. मी तिसऱ्यांदा बटण दाबलं आणि डोळ्यांत पाणी घेऊन त्या लख्ख बल्बाकडं बघत राहिले.

अण्णाही बघत होते. मग त्यांनी वाटी खाली ठेवली, बल्बाजवळ तळहात नेला, आणि कपाळाला आठी घालून तसाच धरून ठेवला.

"हा गार कसा?" ते म्हणाले.

"काय?"

"बाळासोच्या तिथं ह्याच्याखाली पिल्लं ऊब घेत बसली हुती. फाटकातनं बघितलं मी. ह्यो तर गार हाय."

मी हात लावला. गार! तारेचा बल्ब एवढा वेळ लख्ख पेटला असता तर बोट भाजलं असतं. होल्डरमध्ये एलईडी होता. आमच्या देवघरातला, पिवळसर उजेडाचा, तशाच आकाराचा एलईडी! तो चार थेंब विजेवर लख्ख पेटतो, मग रेडिओच्या वाट्याला काय येणार? शॉर्ट नव्हताच. रेडिओ बिचारा उपाशी होता.

आम्ही सगळ्यांनी वळून दाराकडं बघितलं. आत्तींनी राजुलला जरा वर सरकवून घेतलं.

"मी बदलला," त्या म्हणाल्या. "कोंबड्यांचा बल्ब उद्याच्या चातुर्मासात घरात नको. एवढी गल्लीत शोभा झाली ती काय कमी हाय? आणि त्यो मेला मरतुकडा जळत हुता दुपारी. पावणी घरात आलेली. म्हणून देवाचा चांगला बल्ब काढून लावला."

"आणि तो कुठाय?"

"कंपाउंडावर ठेवलाय. घंटागाडीसाठी."

अण्णा सत्तरीचे. पण त्या क्षणी ते ज्या वेगानं बाहेर पळाले तो वेग मी त्यांच्यात आधी कधी बघितला नव्हता. बाहेर धो धो पाऊस. समोरच्या गॅलरीत वर्षाराणी उभी. अण्णा कंपाउंडावरून प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून भिजत परत आले, आणि तिच्याकडं एकदाही बघितलं नाही. पिशवीत बल्ब कोरडा होता. तरी मी तो राजुलच्या लंगोटानं तीनदा पुसला, कारण गरम काचेवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. आत्तींनी लंगोटाबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं आणि अण्णांकडं बघून मिटलं.

"सूर्यास्ताला थोडाच वेळ ऱ्हायलाय," अण्णा म्हणाले.

बल्ब लावला. हात पाठीमागं. बटण.

लख्ख. आणि मग हळूहळू, हळूहळू, मंद.

"गेली लाईट," आक्का म्हणाल्या, जरा हुशारीतच.

"गेली नाही, आक्का. हेच बरोबर आहे." मी म्हटलं. व्हॉल्व्ह तापायला वेळ लागतो. आतल्या काचा लालसर झाल्या. पेटीतून गरम धुळीचा वास आला. अण्णांचे ओठ हलत होते, ते मंत्र म्हणत होते की रेडिओला विनवत होते, कळत नव्हतं. राजुल बोट तोंडात घालून पेटीकडं बघत होती.

घूंऽऽ.

"बोलला!" अण्णा ओरडले.

"घुमला," आक्कांनी दुरुस्ती केली. "घुमणं म्हंजे बोलणं न्हवं."

मी स्टेशनचं बटण हळूहळू फिरवलं. खरखर, शिट्टी, आणि मग एकदम, सोनेरी कापडाच्या मागून एक बाई स्पष्ट आवाजात बोलायला लागली. कानडीत. कसलेतरी बाजारभाव असावेत, कारण मधे मधे आकडे येत होते.

"ह्यो तर कानडी बोलतोय," आक्का म्हणाल्या. "असलं चालायचं न्हाय."

"आक्का, अगं तुला कानडी माझ्यापेक्षा चांगलं येतंय," अण्णा म्हणाले. "सासर तुझं कर्नाटकाच्या सीमेवरचं. बोलला म्हंजे बोलला. नियमात भाषा कुठं म्हणालीस तू?"

आक्कांनी रेडिओकडं बघितलं, मग खिडकीबाहेरच्या आभाळाकडं बघितलं. तिथून काही मदत येत नव्हती. अण्णांनी वाटी उचलली. पन्नास वर्षांनी त्यांनी बहिणीच्या तोंडासमोर चमचा धरला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि केसांतून पावसाचं, त्यामुळं कुठलं कुठलं ते कळत नव्हतं.

आक्कांनी डोळे मिटले आणि चमचा तोंडात घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर एक शहारा आला. डोळ्यांच्या कडांना पाणी आलं. आत्तींनी पदर डोळ्यांना लावला. अण्णांनी दुसरा चमचा भरवला, तिसरा भरवला, वाटी संपवली आणि आणखी एक वाटी वाढली. सूर्यास्तापर्यंत थांबलेच नाहीत.

त्या संध्याकाळी आमचं घर दिवाळीसारखं होतं. अण्णांनी अभिनंदनला फोन केला, बाळासोंना फोन केला आणि जाहीर केलं की दिवाळी झाल्यावर ते स्वतः रेडिओ कुरुंदवाडला पोचवतील, सोबत गल्लीला पुरेल एवढी बासुंदी नेतील, आणि पुढं दर आठवड्याला आक्कांच्या घरी ताज्या बासुंदीचा एक डबा जाईल. जन्मभराचं देणं फेडायचंय म्हणाले.

मी स्वयंपाकघरात राजुलची वाटी धूत होते. मागून आक्का आल्या, दार लोटून घेतलं, आणि माझ्या हाताला धरलं. म्हटलं, आता आशीर्वाद देतील.

"पोरी, वाईच पाणी दे. आणि बडीशेप हाय काय? जीव कसातरी व्हायलाय."

पाणी प्याल्या, पदरानं तोंड पुसलं, दाराकडं एकदा बघितलं.

"मला बासुंदी आवडत न्हाय," त्या म्हणाल्या.

माझ्या हातातली वाटी बेसिनमध्ये पडली.

"ल्हानपणापास्नं न्हाय. साय बघितली की पोटात ढवळतंय. पण कुरुंदवाडात सासर मिळालं. ज्याच्या दारात जावं त्यो बासुंदी फुडं करतोय, नको म्हटलं की रुसतोय. मग तुझ्या सासऱ्यानं रेडिओ न्हेला. बरं झालं म्हटलं."

"म्हणजे तुम्ही... पन्नास वर्षं... अण्णा बिचारे..."

"आवडती वस्तू सोडाय मी काय येडी हाय व्हय?" आक्का म्हणाल्या. "रेडिओपायी राग आलाच हुता की मला. ते काय खोटं न्हाय. पण एका दगडात दोन कामं झाली. आता चातुर्मास हाय, दिवाळीपातूर निभंल. फुडं काय करू सांग. दर आठवड्याला डबा येणार म्हणतोय त्यो."

मी काय सांगणार? मग त्यांनी आवाज आणखी खाली आणला.

"त्यात त्या काचा हाईत बघ, लाल व्हणाऱ्या. त्यातली एक काढून ठिव की. मी तुला खोटं बोल म्हणत न्हाय. रेडिओ बोलायचा थांबला तर थांबला म्हणायचं. रेडिओ गप, माझा नियम चालू."

"आक्का, तुम्हीच म्हणायच्या ना, सावकाश कर, घाई करू नको..."

"मग? तू कुठं ऐकलंस?"

तर वाचकहो, एवढं सगळं करून, माशांची बाळंतपणं काढून, अण्णांची गल्लीत शोभा करून मी तो रेडिओ बोलता केला, आणि दुसऱ्याच दुपारी, राजुलच्या झोपेत, बांगड्या काढून, रबरी चप्पल घालून, मीच त्यातला एक व्हॉल्व्ह अलगद उपसला. तो आता राजुलच्या लोकरीच्या मोज्यात गुंडाळून, कपाटाच्या वरच्या कप्प्यात आहे. कृपा करून हे आमच्या अण्णांपर्यंत जाऊ देऊ नका. वर्षाराणीपर्यंत तर मुळीच नाही.

अण्णांनी धीर सोडलेला नाही. रेडिओसमोर खुर्ची टाकून बसतात आणि मांडीवर राजुलला घेतात. तिनं एकच शब्द उचललाय. इतरांची पोरं आधी आई म्हणतात, बाबा म्हणतात, आमची "घूंऽऽ" म्हणते, आणि ते ऐकून अण्णा दरवेळी आशेनं खुर्चीतून अर्धे उठतात.

काल विचारत होते, दिवाळीच्या आत होईल ना गं?

मी म्हणाले, "बघूया अण्णा. फक्त घाई करून चालत नाही."